नव्या घरात म्हस पान्हवेना

धाकटी लेक परवा म्हणाली, "दादा, घर बदलायचं म्हटलं की काय न्यावं, काय ठेवावं कळत नाही. जुनं सगळं टाकून देते, म्हणजे त्रास नको." मी म्हटलं, टाकू नको बाई. तो गाढवपणा मी करून बसलोय. तिची आई असती तर तिनंच हसत सांगितलं असतं. ती जाऊन दीड वर्ष झालं. मला तिच्यासारखं सांगता येत नाही. शाळा चौथीपर्यंत, जमंल तसं लिहितो.

स्वातंत्र्य मिळून पाचेक वर्षं झाली असतील. आम्ही गडमुडशिंगीला राहायचो. मला कोल्हापुरात लोखंड ओतायच्या कारखान्यात काम लागलं. सायकलीवर जाऊन-येऊन कंबर मोडली, तेव्हा पेठेत दोन खोल्या घेतल्या. मागं एका म्हशीपुरता गोठा. कारभारणीचं मन गावात. ती म्हणाली, "म्हस आली तर मी येते. तिथं ती रमली न्हाई, तर तिला घिऊन मी माघारी. मग तुमीच थापा भाकऱ्या."

मी ठरवलं, सगळं नवं करायचं, म्हणजे बाई खूश होईल. म्हशीला नवं दावं, नवी खुटी. बायको धार काढताना एक जुनेर लुगडं नेसायची, शेणाचा आणि पेंडीचा वास मारणारं. निघायच्या दिवशी ते मी बोहारणीला देऊन टाकलं आणि बदल्यात जर्मनची वाटी घेतली. "शेरात चांगलं लुगडं नेसून धार काढ," म्हटलं. तिनं वाटी उलटीसुलटी करून बघितली आणि गाडीत टाकली.

पहिल्या सकाळी ती नवं लुगडं नेसून कासंला बसली. रेडकू ढुशा मारून दमलं, म्हस पान्हा सोडंना. तिनं वळून बायकोला हुंगलं आणि भांड्यावर लाथ घातली. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. पेंड वाढवली, रंकाळ्यात डुंबवून आणली. काही उपयोग नाही.

शेजारची म्हातारी दारात येऊन म्हणाली, "पावणं, म्हस तुमचीच हाय न्हवं? का रानातनं कुणाची वळून आणलीसा?"

"तुमी या की आजी धार काढायला."

"नगो बाबा, माजं दोनच दात ऱ्हायल्यात."

तिसऱ्या दिवशी बायको गाठोडं बांधायला लागली. "अजून दोन दिस असंच गेलं तर आटंल ती. मी जाते गावाकडं."

मी ओरडलो, "जनावर हाय ते, त्याला काय कळतंय!"

"तिला कळतंय. कळत न्हाई ते तुमास्नी. ती मला वळखंना झालीया. माजा वास तुमी वाटीवर घालवलासा."

बोहारीण कुठल्या गावात गेली कुणाला ठाऊक. गाठोड्यातनं वाकळंचा कोपरा बाहेर आला होता. म्हस व्याली तेव्हा हीच वाकळ पांघरून बायको आठ दिवस गोठ्यात निजली होती. मी ती उपसली आणि बायकोच्या अंगावर टाकली. "बस आता."

वैशाखाचं ऊन. वाकळंत गुंडाळलेली बाई बघून म्हातारी ओरडली, "हिला हिवताप भरलाय का काय!" म्हशीनं मान वळवली. लांब हुंगलं. वाकळ चाटली. मग सडातनं पहिली धार भांड्यात वाजली.

मला वाटलं, जिंकलं. बघतो तर बायको वाकळंत तोंड घालून रडतेय.

"आता काय झालं?"

"तिला वाकळ तरी घावली. मला काय?"

"तुला काय पायजे?"

"जातं."

जातं मी गावातच ठेवलं होतं. पेठेच्या कोपऱ्यावर गिरणी असताना कशाला ते वझं? तसं म्हणालोही. तर म्हणाली, "पिठाचं कोण बोलतंय? पाटंचं उठून मी इथं बोलायचं कुणाशी?"

सुट्टीच्या दिवशी सायकल काढली. एका खेपंला खालची तळी, दुसऱ्या खेपंला वरची. उचगावच्या पुढं मागचं चाक फुटलं, तिथनं ढकलत आणली. खांदा महिनाभर दुखत होता. सांगितलं नाही कुणाला.

दुसऱ्या दिवशी घरघर सुरू झाली. थोड्या वेळानं म्हातारी सुपात जोंधळं घेऊन हजर. "गिरणीवाल्याचं त्वांड बघवत न्हाई मला. सरक गं." दोघींनी खुटा धरला. सुनांची गाऱ्हाणी, गावच्या गोष्टी, मधेच ओवी. पीठ थोडं आणि बोलणं फार. म्हस पंधरा दिवसांत वाकळ नसतानाही पान्हवायला लागली.

लेकीला एवढंच सांगितलं. नवं घर घे, नवी भांडी घे, पण ज्याच्यावर आपला हात बसलाय असं एकदोन सामान आधी ने आणि आधी मांड. बाकीचं हळूहळू बदल. आणि घरातल्या माणसाला विचार, तुला काय पायजे. मी तीन दिवस उशिरा विचारलं.

त्या पावसाळ्याच्या तोंडाला म्हातारीनं विचारलं होतं, "का गं, गावाकडं कवा जाणार?"

बायको जात्यावरनंच म्हणाली, "जत्रंला जाईन की. पर सांजच्या धारंला घरला यायला पायजे. म्हस दुसऱ्याला हात लावू देती व्हय?"

मी आत चहा पीत होतो. ह्या दोन खोल्यांना ती पहिल्यांदाच घर म्हणाली होती. मग सायकल काढली आणि कामावर गेलो.