नानांची गाडी शनिवारी बसायची

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षर तर मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. कोणाला दाखवायला लिहीत नाही, पण कोणाच्या हाती ही वही लागलीच तर चुका पोटात घाला.

नानांची गाडी आमच्या दुकानासमोर बसली होती. पंक्चर झाली नव्हती, बंद पडली नव्हती. बसली होती, म्हैस बसते तशी. चारही चाकांत हवा टच्च, आणि वरचा सगळा डोलारा चाकांवर टेकलेला.

आखाडा बाळापूरच्या रस्त्याला आमचं हवा-पंक्चरचं दुकान होतं. मालक, म्हणजे माझा नवरा, ट्रकची चाकं बघायचे. मी मागच्या बाजूला ट्यूब घासायची, पॅच लावायची. पुढे गिऱ्हाईक असलं की मला बोलायला जमत नसे. सासूबाई मात्र पुढेच बसायच्या. शनिवारी त्या काळ्या दोऱ्यात लिंबू-मिरची आणि बिबा ओवून गाडीवाल्यांना विकायच्या. कधी कधी त्यांचा गल्ला आमच्यापेक्षा मोठा असायचा.

नाना म्हणजे हळदीचे व्यापारी. त्यांनी पुण्याहून एक जुनी, परदेशी, डोंगर चढणारी गाडी घेतली होती. नवी असताना ती म्हणे मोठमोठ्या लोकांकडे असायची. या गाडीला धक्के झेलणारे कमानपाटे नव्हते. पाट्यांच्या जागी चार कोपऱ्यांना रबराचे चार फुगे. त्यांना बेलो म्हणतात. कॉम्प्रेसर त्यात हवा भरतो आणि गाडी त्या हवेवर उभी राहते.

"नांदेडवाले हात लावायला तयार न्हाईत," नाना म्हणाले. "म्हटलं हवेची गाडी हाय, तर हवेच्या दुकानात न्यावी."

मालक म्हणाले, "नाना, आमी ट्यूबवाले."

"मग हेबी रबरच हाय की."

गाडी आमच्याकडे आली ती अशी.

आम्ही चारही बेलोंना साबणाचं पाणी लावलं. हवा जाते तिथे बुडबुडा येतो, पंक्चरचं तेच शास्त्र. पण गाडी पूर्ण बसलेली, रबर घड्या पडून आत गेलेलं. घडीतली चीर दिसणार कशी. चारही कोपरे सारखेच खाली, त्यात आजारी कोण तेही कळेना.

शेवटी मालकांनी नानांकडून नंबर घेऊन एसटीडी बूथवरून पुण्याच्या एका मेकॅनिकला फोन लावला. त्याने सांगितलं ते असं. या गाडीत एक कॉम्प्युटर असतो. गाडी उभी असली तरी तो मधूनमधून जागा होतो आणि चारही कोपरे सारखे आहेत का बघतो. एक कोपरा खाली गेला असेल, तर बाकीच्या तिघांची हवा सोडून त्यांनाही त्याच्या बरोबरीला आणतो. म्हणजे आजारी एक, आणि झोपायचं चौघांनी.

"आमच्या भावकीसारखंच हाय म्हणा," सासूबाई म्हणाल्या.

उपाय असा, की इंजिन चालू करून गाडी हवेवर उभी करायची आणि कॉम्प्युटरचा फ्यूज काढून ठेवायचा. मग तिघांना खबर जात नाही. जो फुटका असेल तो एकटाच बसतो. तसं केलं. संध्याकाळपर्यंत मागचा डावा कोपरा खाली गेला, तिघं ताठ उभे. डावीकडून बघितली तर गाडी कोणाकडे तरी मान वाकडी करून बघतेय असं वाटायचं.

नवा बेलो मुंबईहून मागवायचा होता. नाना म्हणाले, "गाडी उभी राहिली की पैसे देतो." आमच्याकडे तेवढे नव्हते. मी बचत गटातून कर्ज उचललं. खरं तर त्या महिन्याला कर्ज घ्यायची पाळी गटाचा हिशेब बघणाऱ्या पारूबाईची होती, तिला शिलाई मशीन घ्यायचं होतं. मी काही बोलायच्या आत तिनेच पाळी मला दिली. म्हणाली, "घे माय. मशीन काय पळून जात न्हाई."

ओळखीच्या ट्रकवाल्याने बेलो आणून दिला. आम्ही बसवला. गाडी उभी राहिली. सोमवार, मंगळवार, सगळा आठवडा उभी. मालकांनी चहा मागवला. शनिवारी दुपारी नानांचा निरोप आला, गाडी बसली.

जाऊन बघितलं. साबणाचं पाणी लावलं, कुठेही बुडबुडा नाही. नानांच्या दारासमोर भर बाजाराची माणसं येऊन-जाऊन बघत होती. सोमवारी ती गाडी आपली आपण उठली. पुढच्या शनिवारी परत बसली.

"तिला शनि हाय," नाना म्हणाले. "मी एका शनिवारी ती उभी बघीन, मगच पैसे."

आता शनिवारचं आमच्या हातात काय होतं. गटाची बैठक आली की पारूबाई माझ्याशेजारीच बसायची. मशीनचं नाव काढायची नाही. मुलीच्या फाटक्या झग्याला हाताने टाके घालत राहायची. मला तिथून उठून पळावंसं वाटायचं.

इकडे नानांचा ड्रायव्हर बबन दर शनिवारी सकाळी सासूबाईंकडून लिंबू-मिरची न्यायचा. गाडी दुसऱ्यांदा बसल्यापासून तो डबल न्यायला लागला. सासूबाईही त्याला मिरच्या निवडून द्यायच्या, चांगल्या तिखट.

मी पॅच घासता घासता विचार करत होते. बुडबुडा येत नाही, म्हणजे हवा गळत नाही. मग ती कोणीतरी सोडतंय. सोडणारा कॉम्प्युटर. पण त्याला गाडी किती उंच आहे ते कळतं कसं? मालकांना विचारलं. ते म्हणाले, प्रत्येक चाकामागे एक दांडी असते. ती चाकाच्या आसाबरोबर वरखाली होते आणि वर खबर देते. तिला हाईट सेन्सर म्हणतात.

"मग हवा सोडताना खाली पडून बघायला पाहिजे," मी म्हणाले.

"शनिवारी?"

"शनिवारीच."

मालकांनी बबनला सांगून पुढच्या शनिवारी सकाळीच गाडी दुकानावर बोलावली. चेसिसखाली बाभळीचे जाड ओंडके लावले. हे कधी विसरायचं नाही; हवेच्या भरवशावर कोणी गाडीखाली जाऊ नये. इंजिन चालू ठेवलं. पोतं अंथरून मी खाली सरकले. खरं सांगायचं तर मला गाडीखाली आवडतं. तिथे कोणी बघत नाही.

मालक मागे ट्रकवाल्याशी बोलत होते. पुढे बबनचा आवाज आला, "आत्या, आजची जरा जड द्या." मग पावलं वाजली. आणि चाकाच्या वरच्या फटीतून एक हात आत आला. हातात लिंबू-मिरची होती.

त्या हाताने चाचपत सेन्सरची दांडी धरली. माळेचा वरचा दोरा तिला बांधला. मग खालचं टोक ओढून आसाला बांधलं, माळ हलू नये म्हणून. अगदी घट्ट, दोनदा गाठ मारून. त्या जुन्या दांडीच्या सांध्यातली रबरी बुश झिजलेली, म्हणून दांडी बोटभर खेळायची. ती गपकन खाली ओढली गेली. दांडी खाली म्हणजे गाडी फार उंच झाली, असं कॉम्प्युटरला वाटलं असणार.

फुस्स.

मागचा डावा कोपरा बसायला लागला. मग तिघंही त्याच्या मागोमाग. वरचा पत्रा माझ्या नाकाकडे येऊ लागला. ओंडक्यांवर येऊन थांबला, पण तेवढ्यात माझ्या तोंडून जन्मात पहिल्यांदा मोठा आवाज निघाला.

"सोड ते. मला तकलीफ होऊन राहिली."

हात गायब झाला. पावलं पळाली. मी बाहेर येईपर्यंत बबन रस्त्याच्या पलीकडे पोचला होता.

दोरा मी कापला. गाडी हळूहळू उठली. ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून दांडीला नवीन बुश केली, आता ती खेळेना. सगळं कोडं सुटलं होतं. बबनने मागाहून सांगितलं, नानांच्या पोराला बंपरला लिंबू-मिरची गावंढळ वाटायची, म्हणून बबन ती आत, दिसणार नाही अशी बांधायचा. दोन दिवस खडबडीत रस्त्यावर फिरलं की दोरा तुटायचा, माळ पडायची आणि सोमवारी गाडी उठायची. गाडी बसते म्हणून लिंबू, आणि लिंबू म्हणून गाडी बसते. सासूबाई शनिवारी गाडी बसवायच्या आणि आम्ही आठवडाभर कारण शोधायचो.

मालक हे सगळं सांगायला नानांकडे निघाले, तर नानाच समोरून आले. मागे बबन, घामाघूम.

"गाडी बोलली म्हणं," नाना म्हणाले.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी ट्यूबच्या ढिगामागे गेले.

"बाईचा आवाज," बबन म्हणाला. "साफ बोलली. सोड ते, मला तकलीफ होऊन राहिली. लिंबू तिला चालत न्हाई, नाना."

मालकांनी दांडी दाखवली, बुश दाखवली, कापलेला दोरा दाखवला. नाना मान हलवत होते, पण लक्ष गाडीच्या तोंडाकडे होतं. शेवटी म्हणाले, "ते तुमचं बराबर असंल. पण ती सोताच बोलली ना. मग इषय संपला."

तो शनिवार नानांनी खुर्ची टाकून गाडीसमोर काढला. लिंबू नाही, मिरची नाही. ऊन कललं तरी गाडी उभी. तेव्हा ते घरी गेले आणि बायकोला घेऊन आले. बाईंनी बॉनेटवर हळद-कुंकू लावलं, खण-नारळ ठेवून गाडीची ओटी भरली. नानांनी बेलोचे आणि मजुरीचे पैसे त्याच बॉनेटवर ठेवले आणि हात जोडले.

"पावती कोणाच्या नावानं करू?" मालकांनी विचारलं.

"गाडीच्याच करा."

पुढेही नाना दुकानावरून जाताना विचारायचे, "परत काई बोलली का?" मालक म्हणायचे, "न्हाई नाना. आता तिला तकलीफ न्हाई."

सासूबाईंना आवाज कोणाचा ते कळलं होतं. त्या रात्री भाकरी वाढताना एवढंच म्हणाल्या, "गाडीखाली एवढं बोलतीस, तर घरात काहून बोलत न्हाईस?" नंतर लिंबू-मिरची देताना प्रत्येकाला बजावायच्या, बंपरलाच बांधा, आतल्या कशाला बांधू नका. या धंद्यात मी शिकले ते एवढंच. बाकीचं पुण्याच्या मेकॅनिकला विचारावं.

गटाच्या पुढच्या बैठकीला बॉनेटवरचे पैसे घेऊन गेले. काही नोटांना अजून हळद लागलेली होती. पारूबाईने त्या पदराला पुसल्या, मोजल्या आणि व्याजासकट कर्ज पूर्ण फिटलं असं सगळ्यांसमोर सांगितलं.