रुसलेला सासरा

"गलबत माझं, दर्या अल्लाचा, बाकी सगळे पाहुणे." कमरेवर हात ठेवून आमचा नाखवा असं म्हणाला, की दुबईतल्या देऱ्याच्या धक्क्यावरचे हमाल पाठीवरच्या गोणी खाली ठेवायचे. आवाजच तसा. तो इथे खाकरला, की खाडीपलीकडे बर-दुबईतल्या कोंबड्या अंडं घालायच्या थांबत. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा.

तो श्रीवर्धनचा, मी म्हसळ्याचा. मी धक्क्यावरच्या एका पेढीत कारकून; म्हणजे परमुलखात आम्ही सख्खे भाऊच. दर खेपेला तो नव्या बायकोची गोष्ट आणायचा. एक मस्कतची, एक मोंबासाची. खरं तर गडी सडाफटिंग. त्याला मुलगी द्यायला मुशी मासासुद्धा तयार झाला नसता.

सदुसष्टची अरब-इस्रायल लढाई झाली आणि बसऱ्यातल्या ज्यूंना जगणं अवघड झालं. नाखव्याने खजुराच्या गोणींआडून एक म्हातारा कापडवाला आणि त्याची बायको आणली. त्यांना मुंबईला पोचवायचं होतं. धक्क्यावर त्याने सांगून टाकलं, "हा माझा नवा भंडारी. मुका आहे, पण रांधतो झकास."

शनिवारी सकाळी बसऱ्याची दोन माणसं त्यांना हुडकत थेट गलबतावर चढली. मी तिथेच गोणी तपासत होतो; म्हातारी त्यांच्याच आड बसलेली. त्यांतला जाड्या चटईवर बसला आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "भंडारी, चहा टाक."

म्हाताऱ्याचा हात काडेपेटीकडे गेला आणि थबकला.

आमच्या कुलाबा जिल्ह्यातले शनवारतेली ज्यूच. शनिवारी त्यांच्या घरात चूल पेटत नाही, हे आम्हाला पोरवयापासून माहीत. नाखव्याने ज्यूला आचारी केलं, आणि शनिवार विसरला.

म्हाताऱ्याची बोटं पुन्हा हलली. तोच नाखव्याने काडेपेटी हिसकावली आणि स्वतः चूल पेटवली.

"नाखवा चहा करतो?" जाड्याने विचारलं.

"करावा लागतो, हबीबी. सासरा आहे माझा."

"धक्क्यावर तर भंडारी म्हणून सांगितलंस."

"सासऱ्याला फुकट कोण पोसतं? लावला कामाला. तर आज रुसून बसलाय."

दुसरा माणूस उठला. त्याने म्हाताऱ्याचा तळवा उलटा करून पाहिला. "फार मऊ हात आहेत."

"जन्मात काम केलं असेल तर ना," नाखवा चुलीत फुंकर घालत म्हणाला. "पोरगीही तशीच दिली मला."

जाड्या हसला. दुसरा हसला नाही. त्याने म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघत पेला संपवला, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. मग पेला पालथा ठेवला आणि म्हणाला, "यल्ला, चल."

ते दिसेनासे झाल्यावर मी नाखव्यावर उखडलो. "अरे, त्याने काडी ओढलीच असती. तू कशाला मधे तडमडलास? सगळे मेलो असतो."

"ओढली असती, म्हणूनच घेतली," तो म्हणाला. "घर गेलं, दुकान गेलं. एवढं तरी त्याच्याजवळ राहू दे की रे."

दुपारच्या भरतीला गलबत सुटलं. थापेचा बोभाटा बसऱ्यापर्यंत झाला असणार. त्यानंतर नाखवा आखाताच्या किनाऱ्याला कधी लागला नाही. मी त्याला शेवटचं पाहिलं ते असं: सुकाणूवर दुसराच खलाशी, नाखव्याच्या चटईवर म्हातारा-म्हातारी, आणि नाखवा चुलीपुढे उकिडवा, धुराने भरलेले डोळे बाहीला पुसत.