काळ्या कपड्यांतली सहल

याआ दुफीने अर्धा घाना पाहिला होता, पण एकही गाव कुणी मेल्याशिवाय पाहिलं नव्हतं. ओबुआसी म्हटलं की तिला दिराचं मयत आठवायचं, जिथे जेवण कमी पडलं. मांपोंग म्हणजे वाऱ्याने उडालेला मांडव. कुमासीतल्या बांतामा बाजारात ती कच्ची केळी विकायची आणि दुकान बंद ठेवायची ते फक्त शनिवारी, कारण शनिवार मयताचा. कुणाच्या मयताला कोण आलं, कोण तोंड दाखवून पळालं, कोण फिरकलंच नाही, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं असे, आणि न येणाऱ्याला ती माफ करत नसे. नुसतं फिरायला म्हणून बाहेर पडणाऱ्यांबद्दल तिचं मत सरळ होतं: या लोकांना घरी काम नसतं.

बाजारात तिच्या डाव्या हाताला टोमॅटोवाली पोकुआ बसायची आणि उजव्या हाताला सुक्या मासळीची बिरागो. हल्ली दुफी उजवीकडे बघत नव्हती. बिरागोच्या मुलीला तिकडे हॅम्बुर्गला जुळं झालं होतं आणि बिरागो येत्या सोमवारी तिच्याकडे राहायला चालली होती, बहुतेक कायमची. हे कळल्यापासून दुफी तिच्याशी पोकुआमार्फत बोलायची.

"पोकुआ, तिला सांग, तिची टोपली माझ्या जागेत आलीय."

बिरागो हाताच्या अंतरावर बसून हे ऐकत असायची. पोकुआ तरीही निरोप इमानदारीत पोचवायची, कारण तिला त्यात गंमत वाटायची.

त्या शनिवारी तिघी बेक्वाईजवळच्या एका खेड्यात मयताला निघाल्या. बाजारातल्या एका ओळखीच्या बाईचे मामा वारले होते. ड्रायव्हर तावियाची व्हॅन ठरवली होती. अंगावर कडक इस्त्रीची काळी कापडं, डोक्याला लाल फडकी, सगळं रीतसर.

गावात पोचल्या तर ना मांडव, ना ढोल. खुर्च्या एकावर एक रचून झाडाखाली ठेवलेल्या. मयताचा भाचा खाली मान घालून समोर आला.

"दोन घरांत वाद लागलाय, आई. शोकाला पुढे कुणी बसायचं यावरून. मामा अजून शवागाराच्या फ्रीजमध्येच आहेत. पुढे ढकललंय सगळं."

"आणि आम्हाला कळवायचं नाही?" दुफी कडाडली.

"रेडिओवर सांगितलं होतं की."

तिघी परत व्हॅनमध्ये बसल्या. तावियाने चावी फिरवली नाही. तो आरशातून बघत राहिला. पोकुआ म्हणाली, "इथून बोसोम्त्वेचं तळं काही लांब नाही."

"तिथे कोण वारलं?" दुफीने विचारलं.

"कोणी नाही."

"मग कशाला जायचं?"

"मासे खायला. म्हाताऱ्याला घाई नाही, मग तुला कसली आहे?"

"या कपड्यांत? लोक काय म्हणतील?"

मागच्या बाकावरून बिरागोचा आवाज आला. "पोकुआ, तिला सांग, मला जायचंय."

दुफीने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. "तिला सांग, मी कुणाला अडवलेलं नाही."

तावियाने गाडी वळवली.

घाट उतरताना खाली तळं दिसलं, डोंगरांच्या मधोमध, पार पलीकडच्या काठापर्यंत पाणीच पाणी. दुफीने ते पाहिलं आणि जागा बरी आहे म्हणाली. एवढं कौतुक तिने आजवर फक्त शवपेट्यांचं केलं होतं.

काठावरच्या खाणावळीत मासे तळणारी बाई या तिघींना बघताच कढई सोडून पुढे आली. "दुए, दुए," म्हणत तिने सांत्वनाला एकेकीचा हात हातात घेतला. "कोण होतं?"

दुफीला घाम फुटला. पोकुआ गंभीरपणे म्हणाली, "मामा."

"अरेरे. पोचवलं का?"

"नाही अजून. फ्रीजमध्ये आहेत."

यात खोटं काहीच नव्हतं. पण दुफीला एकदम तो भाचा आठवला, त्या रचलेल्या खुर्च्या आठवल्या, आणि पोटातून हसू उसळून आलं. शोकाच्या कपड्यांत हसायचं कसं? तिने पदर तोंडात कोंबला. खांदे गदगदा हलू लागले. शेजारी बिरागोचीही तीच गत. खाणावळवालीला गलबलून आलं. तिने दुफीच्या पाठीवरून हात फिरवला, "रड, बाई, रडून घे," म्हणाली आणि तिच्या ताटात एक मासा जास्तीचा वाढला. दुफीच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं.

मासे, तिखट मिरचीचा ठेचा, आंबवलेल्या मक्याचे केंके. तिघींनी बोटं चाटून खाल्लं. मग पोकुआ सावलीत आडवी झाली आणि घोरू लागली.

त्या तळ्यात जुन्या रीतीचे लोक लोखंड लागू देत नाहीत. कोळी साध्या लाकडी फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मारत जातात. एका म्हाताऱ्या कोळ्याची फळी काठाला लागली होती. दुफी बराच वेळ तिच्याभोवती घुटमळली.

"बसायचंय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"छे, या वयात?" असं म्हणत ती बसलीसुद्धा. गुडघाभर पाण्यात फळी डुगडुगली, दुफीचा तोल गेला आणि तोंडून निघालं, "बिरागो, धर ना, बघत काय राहिलीस?"

बिरागो धावली. तिने हात दिला, दुफीने तो असा ओढला की दोघी धपकन पाण्यात बसल्या, कडक इस्त्रीसकट. आता मात्र दोघी मोकळेपणी हसल्या. खाणावळवालीने पाहिलं असतं तर मासा परत मागितला असता.

कपडे सुकवत दोघी उन्हात दगडावर बसल्या. बिरागो पाण्याकडे बघत म्हणाली, "मला झोप लागत नाही, दुफी. तिकडे असताना तुझं काही बरंवाईट झालं आणि मला येता आलं नाही तर? तिकीट केवढं महाग. तू तर वरूनही बघशील, कोण आलं नाही ते."

दुफी ओल्या कापडाचा काठ पिळत बसली. तिला वाटत होतं, ही सुखाने चालली आहे. आपणच तिच्या उशाशी असं भूत होऊन बसलोय, हे दुफीच्या ध्यानातच आलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर ती मागच्या बाकावर, बिरागोशेजारी बसली. कुमासीचे दिवे दिसू लागले तेव्हा म्हणाली, "बिरागो, माझ्या मयताला येऊ नकोस."

तावियाने रेडिओ बंद केला. आमच्याकडे हे शब्द माणूस जन्माचं नातं तोडतानाच काढतो. पोकुआ वळून बघू लागली.

"ऐक आधी. तेव्हा तू येऊन मला काय दिसणार? मी फ्रीजमध्ये. त्या तिकिटाचे पैसे आधीच खर्च कर. मी बसती-उठती आहे तोवर ये. काही कारण नसताना ये. लोकांना मी सांगून ठेवेन की मीच तिला नको म्हटलंय, कुणी तिला नावं ठेवायची नाहीत."

बिरागोने तिचा हात घट्ट धरला.

"तिकडे तुझ्या पोरीला सुट्टी कधी लागते?" दुफीने विचारलं.

"जुलैत."

"मग जुलैत ये."