कापलेले चाळीस सेकंद

वर्कशॉपचं दार उघडायला अजून वीस मिनिटं होती आणि रांग कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत पोचली होती. प्रत्येकाच्या हातात काही ना काही बिघडलेलं. टोस्टर, इस्त्री, टेबललॅम्प, एका बाईंच्या कडेवर तर चक्क व्हॅक्यूम क्लीनर. हेर ब्रांट, म्हणजे आपल्याकडचे ब्रांटसाहेब, खिडकीतून ती रांग बघत होते आणि मी हेर ब्रांटांकडे बघायचं टाळत होते.

"फ्राउ देशपांडे, आपल्याला दुरुस्ती करणारी माणसं हवी होती," ते म्हणाले.

"हो."

"ही वस्तू दुरुस्त करून हवी असलेली माणसं आहेत."

"गेनाऊ," मी म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. दुसरं काय म्हणणार? रांग माझ्याच व्हिडिओमुळे लागली होती.

मी फ्रँकफर्टजवळच्या एका छोट्या एजन्सीत काम करते. सेवाभावी संस्थांसाठी आम्ही व्हिडिओ बनवतो आणि त्यांचं सोशल मीडिया सांभाळतो. लोकांना वाटतं, या कामात दिवसभर मोबाइलसमोर नाचायचं असतं. खरं तर माझा निम्मा वेळ सह्या गोळा करण्यात जातो. इथे कुणाचा चेहरा दाखवायचा तर आधी त्याची लेखी परवानगी लागते. र्युसेल्सहाइम गावच्या या दुरुस्ती-मंडळातल्या आजोबांनी तर सही करायला साफ नकार दिला होता. "चेहरा कशाला? काम हात करतात," असं त्यांचं म्हणणं. म्हणून आमच्या व्हिडिओत फक्त हात.

मंडळ म्हणजे इथल्या भाषेत फेराइन. सात जर्मन माणसांना एकच छंद असला की ते रीतसर फेराइन नोंदवतात, अध्यक्ष निवडतात आणि सभेचं इतिवृत्त लिहायला घेतात. या फेराइनचं काम साधं होतं. दर शनिवारी लोकांच्या बिघडलेल्या वस्तू फुकट दुरुस्त करून द्यायच्या, म्हणजे त्या कचऱ्यात जाणार नाहीत. दुरुस्ती करणारे सगळे निवृत्त, बहुतेक कारच्या कारखान्यातले. पूर्वी अकरा जण होते. मी गेले तेव्हा चार उरले होते, आणि त्यातल्या एकाचं खुब्याचं ऑपरेशन ठरलेलं.

ऑक्टोबरच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर 'फेराइन बंद करणे' असा विषय छापून झाला होता. तोपर्यंत पाच नवे दुरुस्ती करणारे मिळाले तर ठीक, नाहीतर कुलूप. हे मला हेर ब्रांटांनी बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. ते अध्यक्ष. वय शहात्तर, आयुष्यभर टूलमेकर, म्हणजे कारखान्यातली हत्यारं आणि साचे बनवणारे. वर्कशॉपच्या भिंतीवर प्रत्येक पान्याच्या मागे त्यांनी त्या पान्याची बाह्यरेषा रंगवली होती, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते लांबूनही दिसावं. बायको गेल्यापासून ते एकटे राहत. सोमवार ते शुक्रवार आपल्याशी बोलायला कुणी नसतं, असं ते कधी म्हणाले नाहीत. शनिवारी ते किती बोलतात त्यावरून मला कळत होतं.

तर माझी पहिली रील. अठ्ठावीस सेकंद. सुरकुतलेले हात, छान संगीत, मेलेला रेडिओ आणि शेवटी त्यातून निघालेला आवाज. गावभर शेअर झाली. प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी बघणाऱ्याने आता काय करायचं ते सांगावं लागतं. आम्ही त्याला कॉल टू अ‍ॅक्शन म्हणतो. मी लिहिलं होतं, 'शनिवारी या.' कशासाठी या, ते लिहिलंच नव्हतं. ही चूक शिकाऊ माणसं करतात. मी बारा वर्षं या धंद्यात आहे.

"व्ह्यूज मस्त आहेत की," माझी बॉस काट्या म्हणाली.

"व्ह्यूज घेऊन काय करू? मला पाच माणसं हवीत."

"मग दुरुस्तीचं वेड असलेली माणसं काय बघतात ते शोध."

शोधलं. ती माणसं संगीत नसलेले, लांबच लांब व्हिडिओ बघतात. एक टेबल, एक माणूस, एक यंत्र. माझ्या नवऱ्याला दाखवला, तर तो पाचव्या मिनिटाला घोरायला लागला.

विषय घरातच तयार होता. तीन महिन्यांसाठी पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. लग्नानंतर त्यांनी मला दिलेला मिक्सर खोबऱ्याची चटणी वाटताना जळका वास सोडून बंद पडला. मी नवा घ्यायचं म्हटलं तर आई म्हणाल्या, "नवा कशाला? तुझ्या त्या ब्रांटांकडे घेऊन चल. मी पण येते."

कॅमेरा टेबलाच्या वर टांगला. एका बाजूला हेर ब्रांट, शेजारी आई. आई मराठीत बोलत होत्या, ते जर्मनमध्ये. मी दुभाष्याचं काम करायला गेले, पण माझी कुणाला गरज दिसली नाही.

आमच्या मिक्सरचा प्लग इथल्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून मी त्याला एक अ‍ॅडाप्टर लावला होता. हेर ब्रांटांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हा किती वर्षं वापरताय?"

"नऊ."

"यातून अर्थिंग पुढे जातच नाही. मिक्सरमध्ये वीज उतरली असती तर ती तुमच्यातून गेली असती."

त्यांनी अ‍ॅडाप्टर ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. अजून परत दिलेला नाही.

मग त्यांनी मिक्सर उघडला. मोटारीत कोळशाचे दोन लहान तुकडे असतात, त्यांना कार्बन ब्रश म्हणतात. ते झिजले होते. हेर ब्रांटांनी जोडी बदलली, वायरला जर्मन प्लग बसवला, मिक्सर पुन्हा जोडला. शेवटी अर्थिंग नीट पोचतंय का ते बघायला एक मीटर काढला. त्याचं एक टोक प्लगच्या अर्थिंगला लावलं, दुसरं मिक्सरच्या बाहेरच्या धातूला, आणि आकडा स्थिर होईपर्यंत वाट बघितली. आकडा वहीत लिहिला, मिक्सरवर तारखेचं छोटं स्टिकर चिकटवलं आणि मगच तो चालू करून आईंच्या पुढे सरकवला. आई इंग्रजीत 'थँक्यू' म्हणाल्या. हेर ब्रांट खुर्चीतून अर्धवट उठून किंचित वाकले.

एडिटिंगला बसले तेव्हा त्या मोजणीपाशी अडले. चाळीस सेकंद चित्रात काही हलत नाही. मीटरचा आकडासुद्धा दिव्याच्या उजेडात दिसत नाही. आमच्याकडे एक ग्राफ असतो, कितव्या सेकंदाला किती लोक व्हिडिओ सोडून गेले ते दाखवणारा. अशा जागी तो धाडकन खाली येतो. मी ते चाळीस सेकंद कापले. स्टिकरही त्यातच गेलं.

तयार व्हिडिओ आईंना दाखवला.

"अगं, ते डबीला वायर लावून तपासत होते ते कुठं गेलं?"

"काढलं, आई. लोक कंटाळतात."

"मी नव्हते कंटाळले."

"अहो आई, तुम्ही तिथे होतात."

"त्यांचा सगळा जीव त्या तपासण्यात होता," असं म्हणून आई भाजी निवडायला गेल्या. मी व्हिडिओ अपलोड केला.

दोन दिवसांनी कॉमेंट्स यायला लागल्या. व्ह्यूज बेताचेच होते, कॉमेंट्स मात्र पानभर. सुरुवात बहुतेकांची एकच: 'सुंदर व्हिडिओ, परंतु.' परंतु मोजणी कुठे आहे? प्लग बदलल्यावर न मोजता यंत्र परत कसं दिलं? माइंत्सच्या एका निवृत्त इलेक्ट्रिशियनने मुद्द्यांना क्रमांक घालून लिहिलं होतं. त्याच्या तिसऱ्या मुद्द्यात 'बेजबाबदार' हा शब्द होता.

मग हेर ब्रांटांचा फोन आला. ते फोन करत नाहीत, पत्र लिहितात.

"मी आयुष्यात एकही वस्तू न तपासता हातावेगळी केलेली नाही," ते म्हणाले. आवाज अगदी खाली होता. "चेहरा दाखवला नाहीत, पण कारखान्यातले सगळे माझे हात ओळखतात. तो व्हिडिओ काढा. आणि ऑक्टोबरची वाट बघायला नको. फेराइन बंद करायचा प्रस्ताव मीच मांडतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या माणसाकडे स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, चोख काम, आणि नेमकं तेच मी कंटाळवाणं म्हणून कापलं होतं.

काट्याचा सल्ला व्यवहारी होता. "जुना काढ, नीट केलेला टाक. कॉमेंट्स आपोआप जातील."

कॉमेंट्स जाणार म्हणून मी त्या शेवटचं वाचून घेतल्या. कुणी मोजायची पद्धत लिहिली होती, कुणी आकडा किती यायला हवा ते, कुणी स्वतःच्या मीटरचा फोटो जोडला होता. वाचता वाचता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. न दिसलेल्या चाळीस सेकंदांवरून एवढी चिडणारी माणसं कोण असणार? जी स्वतः ते चाळीस सेकंद कधीच टाळत नाहीत तीच. दोन महिने मी ज्यांना शोधत होते ती माणसं इथे ओळीने बसून मला शिव्या घालत होती.

मी लॅपटॉप घेऊन थेट वर्कशॉपवर गेले. आधी माफी मागितली. मग कॉमेंट्स हेर ब्रांटांसमोर धरल्या. त्यांनी चष्मा लावला.

"हा बरोबर बोलतोय," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "हा पण." मग त्यांनी पान खाली सरकवलं. "हा चूक आहे. पण याला काम येतं."

"यांना शनिवारी बोलावू?"

"आधी खरं काय घडलं ते लिहा."

मी लिहिलं: 'मोजणी झाली होती. एडिटिंगमध्ये ती मी कापली. चूक माझी आहे, दुरुस्ती करणाऱ्यांची नाही. कापलेला भाग आता जोडला आहे, खालच्या लिंकवर बघा. तरीही शंका असेल तर शनिवारी दहा वाजता या. मिक्सर टेबलावर असेल.' हेर ब्रांटांनी शेवटी एक वाक्य सांगितलं: 'स्वतःचा मीटर आणावा.' मग मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं, माइंत्सच्या त्या क्रमांकवाल्यालाही.

शनिवारी रांग नव्हती. दहाला पाच मिनिटं असताना दारात नऊ माणसं उभी होती, आठ पुरुष आणि एक बाई, प्रत्येकाच्या हातात मीटरची पेटी. चूक काढायच्या तयारीने आलेली माणसं चेहऱ्यावरून कळतात.

एकेकाने मिक्सर मोजला. हेर ब्रांट हात मागे बांधून उभे होते. मी त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. पहिला आकडा त्यांच्या वहीतल्या आकड्याशी जुळला. दुसराही. नववे मोजणारे माइंत्सचे ते इलेक्ट्रिशियन, हेर फोगेल. त्यांनी दोनदा मोजलं, पेटी बंद केली आणि हात पुढे केला. हेर ब्रांटांनी तो धरला.

"माझा मिक्सर एवढ्या जणांनी तपासलाय," आई माझ्या कानात म्हणाल्या, "आता याला काही होत नाही."

मग मोजायची योग्य पद्धत कुठली यावर वाद सुरू झाला. तेवढ्यात एक मुलगी बंद पडलेला दिवा घेऊन आली. हेर फोगेलनी कुणाला न विचारता तो उघडला. त्यांना स्क्रूड्रायव्हर हवा होता. भिंतीवरच्या रेषा बघून तो त्यांनी बरोबर उचलला आणि काम झाल्यावर बरोबर त्याच जागी ठेवला. हेर ब्रांटांनी ते पाहिलं. एक वाजेपर्यंत प्रत्येक टेबलावर दोन-दोन डोकी वाकलेली होती.

नऊ जणांतले सहा टिकले. ऑक्टोबरच्या सभेला मी मागे बसले होते. छापलेला विषय वाचावाच लागतो, म्हणून हेर ब्रांटांनी वाचला. 'फेराइन बंद करणे.' मग "रद्द," म्हणाले, इतिवृत्तात तशी नोंद करायला लावली आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय कॉफीच्या मशीनचा होता. तो सुरू करण्याआधी त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात की कंटाळवाणं असेल ते कापा. मी आता कापण्याआधी ज्याचं काम आहे त्याला विचारते. फेराइनच्या प्रत्येक व्हिडिओत मोजणीचे चाळीस सेकंद पूर्ण असतात. तिथे ग्राफ धाडकन खाली येतो आणि काट्या दर महिन्याला मला तो दाखवते. मी बघते आणि तसाच ठेवते.

आई पुण्याला गेल्या, मिक्सर इथेच आहे. वर्षभराने एका शुक्रवारी फोन वाजला. हेर ब्रांट.

ते फोन करत नाहीत, म्हणून मी घाईने विचारलं, "काय झालं?"

"स्टिकरवरची तारीख बघा," ते म्हणाले. "वर्ष झालं. उद्या मिक्सर घेऊन या, मोजायला हवा."

सकाळी दहाला नेला. मोजायला चाळीस सेकंद लागले, मग हेर ब्रांट बोलायला लागले. घरी पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते.