दादाची सगळ्यात मोठी जहाजं

दादा बारावीला सांगलीत होता, तेव्हा त्याच्याकडे एक दोनशे पानी वही होती. रद्दीतून आणलेल्या मासिकांतली जहाजांची चित्रं तो तिच्यात चिकटवायचा. जगातलं सगळ्यात मोठं तेलाचं जहाज, सगळ्यात मोठं लोहखनिजाचं, कंटेनरचं, प्रवाशांचं. सुट्टीत कडेगावला घरी आला की मला सगळं वाचून दाखवायचा. तेलाचं जहाज साडेचारशे मीटरचं होतं. एकदा आम्ही दोघांनी तेवढं अंतर पावलांनी मोजलं. स्टँडपासून निघालो ते उसाच्या फडापर्यंत पोचलो.

"एवढं एकच जहाज?" मी विचारलं.

"एकच. भरलं की सुएझ कालव्यात मावत न्हाई. मी असल्याच जहाजावर जाणार हाय."

बारावीनंतर तो नौकानयनाच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा पास झाला. आमचे वडील, अण्णा, लष्करातून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. तेच त्याला डॉक्टरी तपासणीसाठी मुंबईला घेऊन गेले.

तिथं काय झालं ते दादानं मला पुढं सांगितलं. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि ठिपक्यांत दडलेला आकडा विचारला. दादाला नुसते ठिपके दिसले. पुढच्या पानावरही तेच. "समोरून येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा कुठला आणि हिरवा कुठला, ते तुला कळणार नाही," असं म्हणून डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. अण्णांनी विचारलं, "आवं साहेब, चष्म्यानं भागंल का?" डॉक्टर नाही म्हणाले. एकोणीस वर्षांत आमच्यापैकी कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं.

मग आईनं हट्ट धरून त्याला सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मीही सोबत होते. ते म्हणाले, यावर इलाज नाही, मुलाला हे आईकडून येतं. बाहेर रिक्षाची वाट बघताना आईनं दादाला विचारलं, "मंजी माज्यामुळं व्हय रं?"

"न्हाई गं आई," दादा म्हणाला. पण तिनं डॉक्टरांचंच खरं धरलं.

दादा शिरवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागला. जहाजांबद्दल पुन्हा बोलला नाही. वहीचं काय केलं, तेही मी विचारलं नाही. महिन्यातून एकदा घरी यायचा. आई कुणाकुणाकडून डोळ्यांत घालायचे थेंब आणायची. ते उपयोगाचे नाहीत हे ठाऊक असूनही तो मुकाट्यानं डोळे उघडे धरायचा.

दिवाळीला तो आला, तेव्हा आईनं दोन बांगड्या त्याच्यासमोर धरल्या. एक लाल, एक हिरवी. "बघ की. यातली लाल कुठली?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मला खूण करता आली असती, पण आईची नजर माझ्यावरच होती. त्यानं हिरवी उचलली. "ही."

"व्हय," आई म्हणाली आणि बांगडी त्याच्या हातातून काढून घेतली. थेंब मात्र त्यानंतर तिनं कधी आणले नाहीत.