टाकीमागची बाग आणि तिचा तथाकथित डिझायनर

आमच्या धंद्यात लावलेल्या झाडांपैकी किती जगतील हे सांगता येत नाही, किस्से मात्र पाणी न घालता वाढतात. मी लँडस्केप आर्किटेक्ट. म्हणजे नक्की काय करतोस, हा प्रश्न माझ्या आईला अजून पडतो. शेजारणींना ती "बागेचं इंजिनियरिंग" असं सांगून वेळ मारून नेते. सांगलीत माझं आणि माझ्याच धंद्यातल्या वैशालीचं मिळून एक ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "अजित, ते टाकीमागचं सांग रे." आणि त्यात सगळी फजिती माझीच असूनही मी सांगत सुटतो.

'टाकीमागं' हे सांगलीतल्या एका वस्तीचं नाव. पाण्याच्या टाकीच्या मागं आहे म्हणून टाकीमागं, एवढंच. पलूसकडून आलेली शेतकरी घरं, फळांचा व्यापार करणारे बागवान, विजापूरकडची कानडी बोलणारी मंडळी, लिंगायत किराणावाले आणि कापडाच्या दुकानाचे एक सिंधी काका, असे सगळे तिथं राहतात. त्यांच्यातल्या मोकळ्या जागेवर 'वस्तीची सांस्कृतिक विविधता साजरी करणारी बाग' करायचं काम आम्हाला महापालिकेकडून मिळालं. आणि त्या बागेवर आमचं सगळं अवलंबून होतं. साताऱ्यात एक मोठी बाग निघणार होती. तिथली कमिटी टाकीमागची बाग बघून आम्हाला काम द्यायचं की नाही ते ठरवणार होती. नाही मिळालं तर ऑफिसला कुलूप लावायचं आणि मी पुण्यात पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली बसायचं. मला त्याची मनापासून भीती वाटत होती.

*

पहिलं प्रेझेंटेशन गणपती मंडळाच्या शेडमध्ये झालं. मी नवीन शर्ट घातला होता. 'संवाद', 'सहअस्तित्व', 'सामूहिक स्मृती' अशा एकेका शब्दाला एकेक स्लाइड दिली होती. लोक शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, भारावलेत.

शेवटी सुभेदारआप्पा उठले. पलूसकडच्या शेतकरी घरातले रिटायर्ड फौजी, वस्तीत त्यांचा शब्द चालतो. म्हणाले, "लय झ्याक हाय. फकस्त एक इचारायचं हुतं. बायामाणसांच्या लघवीची सोय कुटं हाय?"

मी स्लाइड मागं नेल्या, पुढं नेल्या. सहअस्तित्व होतं, संडास नव्हता. मागच्या रांगेतून वैशालीनं सावरून घेतलं, "ते पुढच्या फेजमध्ये आहे."

"बरं," आप्पा खाली बसत म्हणाले, "मग आमीबी फुडच्या फेजमदीच येतो."

*

माझी मूळ कल्पना अशी होती, की प्रत्येक समाजाला बागेत एक कोपरा द्यायचा आणि त्यांच्या मुख्य सणाची थीम तिथं करायची. नकाशावर रंगीत पेन्सिलींनी कोपरे आखून मी आधी आप्पांच्या घरी गेलो.

"आप्पा, तुमच्या घराण्यातला सगळ्यात मोठा सण कुठला?"

"मोहरम."

मला वाटलं, त्यांना प्रश्न कळला नाही. "तसं नाही आप्पा. तुमचा स्वतःचा."

"आमचाच की. पिराचं पंजं आमच्या सोप्यात बसत्यात. आज्ज्याच्या आज्ज्यापासनं."

तिथून मी हमीदाचाचींकडे गेलो. फळांच्या गाड्यावर आता त्यांचा मुलगा सलीम बसतो आणि चाची वस्तीवर नजर ठेवतात. त्यांना सणाचं विचारलं. म्हणाल्या, "ईद हाय की. पर खरी धांदल गणपतीत. सलीम मंडळाचा अध्यक्ष हाय न्हवं? धा दिस परसादाचं मलाच बगायला लागतंय."

ऑफिसात वैशाली पेन्सिली घेऊन तयारच बसली होती. "बोल, भगवा कुठं देऊ आणि हिरवा कुठं?"

मी म्हणालो, "सध्या सगळीकडं माती दाखव."

*

मग पायवाट. सरळ पायवाट कुणीही काढतं, म्हणून मी छान वळणावळणाची काढली. रिपोर्टात लिहिलं, 'वस्तीच्या एकमेकांत गुंफलेल्या जीवनाचं प्रतीक'. जागेवर चुन्यानं आखलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी बघतो तर लोक माझं प्रतीक आडवं तुडवून सरळ मशिदीकडं, सरळ दवाखान्याकडं, सरळ बसस्टॉपकडं चाललेले. चाचीही हातात पिशवी घेऊन चुन्याची रेषा ओलांडून निघाल्या होत्या. मी त्यांना पायवाट दाखवली. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "येवढं वाकडं कशाला चालायचं? आमी काय प्यालोय व्हय?"

पायवाट सरळ झाली. रिपोर्टात 'गुंफलेल्या' खोडून मी 'थेट' लिहिलं.

*

स्वागताचा बोर्ड मराठी, कानडी, उर्दू आणि हिंदीत करायचा ठरला. जाणकारांकडून मजकूर तपासून घेतला, अक्षरं सुरेख रंगवून घेतली आणि बोर्ड लागला त्या दिवशी मी बाजूला उभा राहिलो. लोक आपापली भाषा वाचून कसे खूश होतात ते मला बघायचं होतं.

विजापूरकडच्या गंगव्वा आल्या. घरात अखंड कानडी बोलणाऱ्या. त्यांनी मराठी ओळ वाचली. त्यांची शाळा इथलीच. चाचींनीही मराठीच वाचली आणि उर्दू ओळीकडं बोट दाखवून मला विचारलं, "ह्ये काय लिवलंय?" मला कुठलं येतंय? तेवढ्यात सिंधी काका आले. सिंधीही तशाच लिपीत लिहितात, त्यामुळे त्यांना ती लहानपणापासून येत होती, त्यांनी चाचींना वाचून दाखवली. राहिली कानडी. ती आप्पांनी वाचली. बेळगावात पोस्टिंग होतं तेव्हा शिकले होते म्हणे.

मी तोंड पाडून ऑफिसात आलो. सगळं ऐकून वैशाली म्हणाली, "अरे, एक बोर्ड वाचायला चौघं एकत्र आले. रिपोर्टात लिही की."

मी लिहिलं.

*

प्रत्येक घराच्या स्वयंपाकातली झाडं एका वाफ्यात लावायची, ही कल्पना वैशालीची, पण कौतुक होईल या आशेनं मी ती माझी म्हणून सांगितली होती. पुदिना, कढीपत्ता, गवती चहा, ओवा. शेजारी पाटी लावली, 'पानं तोडू नयेत'. आठवडाभरात वाफ्यात फक्त पाटी उरली.

मी संतापलो. वस्तीत मीटिंग बोलावली आणि सार्वजनिक मालमत्ता या विषयावर चांगला कडक बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलून घसा कोरडा पडला तेव्हा गंगव्वांनी पुढं होऊन चहा दिला आणि सोबत भाकरीवर हिरवी चटणी.

चटणी अप्रतिम होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि विचारलं, "कशाची आहे हो?"

"तुमच्याच वाफ्यातली हाय की," गंगव्वा म्हणाल्या. "तुमी येणार म्हणून शेवटचा पुदिना ठेवलावता."

*

बागेच्या मधोमध एकतेचं शिल्प बसवलं. पुण्याच्या एका शिल्पकार मित्राकडून करून घेतलं होतं. जमिनीतून वर आलेले, एकमेकांकडं झुकणारे लोखंडी हात. बोटं वगैरे नाहीत, अमूर्त. मला फार आवडलं होतं, अजूनही आवडतं.

आप्पांचा फोन आला. "सायेब, त्ये सळ्यांचं काम अर्धवट सोडून गडी कुटं गेलं?"

"आप्पा, ते पूर्ण झालंय. ते अमूर्त आहे."

"व्हय व्हय," आप्पा समजुतीनं म्हणाले, "पर पुरं कवा हुनार?"

पुढच्या वेळी गेलो तर दोन हातांना साडी बांधून झोळी केली होती आणि त्यात कुणाचं तरी बाळ गाढ झोपलं होतं. शिल्पकार मित्र नेमका माझ्यासोबत आला होता. मी मनात म्हटलं, झालं, आता मैत्री संपली. त्यानं सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि संध्याकाळी आपल्या वेबसाइटवर टाकले. शिल्पाचं नाव बदलून त्यानं 'झोळी' केलं होतं. त्याला त्यावर बक्षीस मिळालं. बाळाच्या आईनं मला विचारलं, "त्यातलं आमास्नी काय?"

*

आणि मग साताऱ्याची कमिटी आली.

मी भाषण पाठ केलं होतं. वैशालीनं मला दोनदा बजावलं होतं, "कमी बोल." कमिटीच्या प्रमुख एक वयस्क बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी माझं भाषण सुरू होण्याआधीच हात वर केला आणि त्या सरळ कट्ट्याकडं गेल्या. तिथं चाची, गंगव्वा आणि आप्पा बसले होते.

"ही बाग कुणी केली?" बाईंनी विचारलं.

"आमीच की," चाची म्हणाल्या.

"हो, पण डिझाइन कुणाचं?"

चाचींनी माझ्याकडं बोट दाखवलं. "ह्यो अजित काढून आणायचा. आमी न्हाई म्हणायचो. मग परत काढून आणायचा."

वैशालीनं डोळे मिटून घेतले. पुण्यातलं एक टेबल आणि त्यावर मान घालून बसलेला मी, असं चित्र मला स्पष्ट दिसलं.

बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि एकदा चाचींकडं. "म्हणजे यांनी नेमकं केलं काय?"

चाचींनी प्रश्न मनावर घेतला. मग बाईंना जवळ बोलावून, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आवं, खरं सांगू का? त्याला येत काय न्हाई. पर पोरगा ऐकतो."

गंगव्वांनी मान हलवली. आप्पांनीही हलवली.

बाईंनी फाइल मिटली आणि मला विचारलं, "साताऱ्याला कधीपासून येऊ शकाल?"

मी तोंड उघडलं.

"सोमवारी धाडून देते त्याला," चाची म्हणाल्या.