पाव चमच्याची पूड

मुलांनो, परवा फोनवर थोरलीनं सांगितलं की ती सध्या जनावरांच्या खाद्यातल्या सूक्ष्म खनिजांवर काम करते. लोखंडाला गंज चढावा तशी शरीराची आतून जी झीज होते, ती ही खनिजं रोखतात, असं तिनं मला समजावलं. मी नुसती "हं, हं" करत राहिले. त्या खनिजांशी माझी जुनी ओळख आहे. ती आता सांगायला हवी, कारण त्यातला माझा दोष अजून दुसऱ्याच्या नावावर आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतर वळसंगला आमच्या गोठ्यात एकच खिलार गाय उरली होती. वाळल्या कडब्यावर तगलेली. तिची लागोपाठ दोन वासरं लुळी जन्मली, पायांवर उभीच राहिली नाहीत आणि गेली. ती पुन्हा गाभण राहिली, तेव्हा सोलापूरहून येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांनी एक करडी पूड दिली. तिच्यात सेलेनियम नावाचं खनिज होतं. सोबतचा कागद इंग्रजीत, आणि तो वाचू शकणारी घरात मी एकटी. आठवड्यातून एकदा, पाव चमचा. मी कॅलेंडरवर खूण करून देत असे.

गाईचा आठवा महिना सरत आला आणि बहिणीच्या बाळंतपणासाठी मला पंधरा दिवस जावं लागलं. निघताना सासूबाईंनी विचारलं, "काय असतंय गं त्यात?"

जास्त झालं तर हे विष आहे, असं कागदाच्या तळाशी छापलं होतं. एस.टी. चुकेल म्हणून मी घाईत एवढंच म्हणाले, "शक्तीचं आहे, आत्याबाई."

परत आले तर डबा रिकामा. गाय मान टाकून बसलेली, शेपटीचे केस झडलेले, खूर चिरलेले.

"रोज दिलं की, चमचा भरून," सासूबाई म्हणाल्या. "दोन जिवांची हाय ती. तुजा पाव चमचा तिच्या दाताला तरी लागंल का? मला दिवस हुते तवा माज्या सासूनं असं मोजून न्हाय वाढलं!"

डॉक्टर आले, गाईच्या तोंडाशी वाकले. "हिला लसूण कुणी चारला?" कुणीच चारला नव्हता. तो वास पुडीचाच होता. यावर उतारा नाही, म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "यांना सांगितलं होतंत ना, विष आहे म्हणून?"

मी म्हणाले, "हो."

सासूबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा गाईच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

चार दिवसांनी गाय व्याली. कालवड झाली, तीही लुळी. आईच्या दुधात पुडीचं विष उतरलेलं, ते तिला पाजायचं नव्हतं. सासूबाई शेजारच्या गाईचा चीक आणून बोटानं तिच्या जिभेवर लावायच्या, पोटाखाली पोतं घालून तिला उचलून धरायच्या. पोत्याचं दुसरं टोक माझ्या हातात असे. रोज वाटे, आज सांगावं. गाय त्याच आठवड्यात गेली. अडाणी म्हातारीनं गाय मारली, असं गावभर झालं. मी ऐकून घेतलं. सासूबाई गेल्या तेव्हाही लोक तेच बोलत होते.

कालवड नवव्या दिवशी उभी राहिली. तिच्या वंशातल्या दोन गाई आजही वळसंगच्या गोठ्यात आहेत.